आतली खोली

स्वस्तातली म्हणून आतली खोली घेतली.
खिडकी नाही. पुतणीनं फोनवर आधीच बजावलं,
"काका, दिवा मालवला की ठार अंधार,
सकाळ झालेली कळायची नाही."
ह्यांनी फोन ठेवला
आणि मोजपट्टी शोधायला घेतली.

सुदामा नगरातल्या आमच्या घरात
बिनखिडकीची खोली एकच, कोठीची.
दहा बाय अकरा. जहाजावरची म्हणे याहून थोडी मोठी,
पण तिच्यातच न्हाणीघर बसवलेलं,
तेव्हा हिशेब तोच.
गव्हाची टाकी, शेवेचे दोन डबे, बिघडलेला कूलर
बाहेर निघाले, बोळात उभे राहिले
चुकीच्या लग्नात आलेल्या पाहुण्यांसारखे.
आत दोन पलंग, एकमेकांना जोडून.

बारा वर्षं झाली, आम्ही वेगळे झोपतो.
भांडण नाही. त्यांचं घोरणं, माझे गुडघे,
त्यांना पंखा पाचावर, मला दोनावर,
असं करता करता एकेक उशी हलली.

तालमीचे नियम केले. वीजमंडळातून निवृत्त माणूस,
नियमांशिवाय दिवासुद्धा लावत नाही.
निजण्याआधी तासभर चहा बंद.
उशाशी आल्याचा तुकडा, मळमळलं तर.
बॅटरी उजव्या हाताला,
चपला दाराकडे तोंड करून.
खोली जहाजाच्या मधोमध असावी, तळाकडे,
तिथं डोलणं कमी. हे मला त्यांनी
तव्यावरची पोळी गोल फिरवून समजावलं,
कड धावते बघ, मध्य जागचा हलत नाही.
पोळी करपली.

शेजारचे चौरसियाजी कुंपणावरून म्हणाले,
"भिया, अपने यहाँ समंदर कहाँ!"
खरंच. आमच्याकडे पाणी म्हणजे नर्मदा,
सत्तर किलोमीटरांवरून, घाट चढवून आणलेली,
दिवसाआड, पहाटे चार ते पावणेपाच,
आणि तिच्यासाठी अर्धं इंदूर
अर्ध्या झोपेत बादल्यांशी उभं.

पहिल्या रात्री जीव गुदमरला, दार किलकिलं ठेवलं.
दुसऱ्या रात्री गव्हाचा वास आला, जुना, कोरडा,
आत घातलेल्या कडुलिंबाच्या पाल्यासकट.
तिसऱ्या रात्री केव्हातरी शेजारची मोटर सुरू झाली,
भिंत बारीक थरथरली,
थरथर पलंगातून माझ्या पाठीत आली
आणि मला वाटलं, निघालो.
ह्यांचं घोरणं त्या आवाजात कुठे बुडालं
कळलं नाही.
त्या पहाटेचा नळ चुकला,
लग्नानंतर पहिल्यांदा.
दिवसभर चौरसियांच्या हौदातून पाणी आणलं,
पण आम्ही दोघंही काही बोललो नाही.

जहाजाचं काय सांगू. लिफ्ट, गालिचे,
मध्यरात्रीही मिळणारा डोसा.
मणिपूरचा एक मुलगा रोज टॉवेलचा प्राणी करून
पलंगावर ठेवी, कधी माकड, कधी हत्ती.
हे त्याला न मोडता उचलून टेबलावर नेत
आणि मग अंग पुसायला काही उरत नसे.
चादर इतकी ताणलेली की आत शिरताना वाटे,
आपण पत्र आहोत, पाकिटात सरकतोय.
दिवा मालवला. अंधार ओळखीचा निघाला.
फक्त गव्हाचा वास नव्हता.

तिसऱ्या रात्री, कोची मागे पडल्यावर,
हे दचकून उठून बसले.
चपला चाचपल्याचा आवाज आला,
दाराकडे तोंड केलेल्या चपला.
"नळ आला का?"

आमच्या खाली कित्येक पुरुष खोल,
भिंतीच्या त्या अंगाला, आणि त्याच्याही पलीकडे,
न मोजता येणारं,
खारट.

"आलाय," मी म्हटलं. "भरून झालं. झोपा."

झोपले,
बादलीची कडी धरावी तसं
माझं मनगट धरून.